गिझरमधील एका अनामिकाची चौकशी

गृहस्थाश्रमात जी यंत्रे नांदतात त्यांच्याविषयी गृहस्थाचे ज्ञान साधारणतः त्यांच्या बाह्यांगापुरते मर्यादित असते, आणि ते तसे असण्यातच उभयतांचे कल्याण आहे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. बटण कोठे आहे, ते दाबल्यावर कोणता दिवा लागावा, तो न लागल्यास कोणाला हाक मारावी, आणि हाक मारलेला इसम किती वाजता येतो म्हणून सांगून प्रत्यक्षात किती वाजता उगवतो, एवढी माहिती ज्याच्यापाशी आहे त्याचा संसार सुरळीत चालण्यास कसलाही प्रत्यवाय नसावा. संकट उद्भवते ते यंत्र उघडल्यावर. बंद असता जे एक असते ते उघडताक्षणी अनेक होते, आणि त्या अनेकांत एक तरी असा निघतोच की ज्याचे नाव, गाव, हुद्दा आणि कामगिरी यांपैकी कशाचाही दाखला घरात मिळत नाही.

पाणी तापविण्याचे पूर्वीचे साधन जो तांब्याचा बंब, त्याच्या बाबतीत हा प्रश्न कधी उपस्थित झाल्याचे मला स्मरत नाही. मधोमध नळकांडे, त्याच्या बुडाशी जाळी, जाळीखाली राख पडण्याची जागा, अंगाला तोटी आणि माथ्यावर पाणी ओतण्याचे तोंड, एवढाच त्याचा परिवार, आणि तो सारा उघड्यावर. वरून तांब्याभर थंड पाणी ओतावे तेव्हा खालून तांब्याभर कढत पाणी पदरात पडावे, असा त्याचा व्यवहार रोखीचा होता. उधारी नव्हती आणि गुपितही नव्हते. ढलप्या, करवंट्या, गोवऱ्या, जुन्या खुर्चीचा पाय, जे मिळेल ते तो खाई, आणि सणासुदीला चिंच लावून घासला म्हणजे आरशाची गरज उरत नसे. तथापि बंबाचे याहून अधिक गुणगान करण्याचा मोह मी आवरतो. कारण असे गुणगान करणारे बहुतेक लोक त्या काळी तापलेले पाणी घेणारे होते, पहाटे उठून धुरात डोळे चोळीत तो पेटविणारे नव्हते.

बंबाच्या जागी आलेला विजेचा गिझर हा मात्र जातीचा पडदानशीन. पांढरे गुळगुळीत अंग, त्यावर एक तांबडा दिवा, खाली दोन नळ्या आणि भिंतीवर उंच असे स्थान की जेथे टाचा उंचावूनही कोणाचा हात पोहोचू नये. आमचा गिझर अशा रीतीने बरीच वर्षे निर्वेध वतन उपभोगीत होता. गेल्या थंडीत मात्र त्याचे बटण दाबताच साऱ्या घराची वीज जाऊ लागली, आणि साबण लावलेल्या अवस्थेत अंधारात उभे राहण्याचा प्रसंग कुटुंबातील प्रत्येकावर पाळीपाळीने आल्यानंतर मिस्त्रीस पाचारण करणे भाग पडले. मिस्त्री म्हणजे एक विशीतला तरुण. त्याने आल्याबरोबर गिझरच्या पोटाला कान लावला, तोटी सोडून टाकीतील पाणी बादलीत काढले, बुडाच्या तबकडीचे नट फिरविले आणि टाकीच्या उदरातून एक जडशीळ पांढरट वस्तुसमूह बाहेर ओढून तो कालच्या वर्तमानपत्रावर ठेवला. "काका, कॉइल फुटलीय," एवढाच त्याचा निकाल.

निकाल बरोबर होता, हे मलाही दिसत होते. तबकडीला जोडलेली तांब्याची वळणदार नळी क्षाराच्या कवचाखाली जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि एका वळणापाशी ती उभी चिरली जाऊन तिच्यातून पांढरी भुकटी वर्तमानपत्राच्या संपादकीयावर सांडत होती. तिच्या शेजारी दोन सरळ, बारीक, टोकाला बंद अशा नळ्या होत्या. एकीत उष्णतामान राखणारा थर्मोस्टॅट बसतो आणि दुसरीत, तो कामावरून चुकल्यास वीज तोडणारा कटआउट, हे मिस्त्रीने न विचारता सांगितले. परंतु याखेरीज त्याच तबकडीला एका लहानशा स्क्रूने जडविलेली चौथी एक वस्तू होती. वीतभर लांबीची गंजकी लोखंडी तार. तिच्या बुडाशी करड्या धातूचा कुरतडलेला गोळा. वर दोन-तीन ठिकाणी पांढरे, भुसभुशीत, बोटाने चुरावे असे खडे. आणि टोकाकडे काहीच नाही, नुसती तार. चुन्याच्या डबीत वर्षानुवर्षे विसरून राहिलेल्या काडीची जी कळा होते तीच या वस्तूला आली होती. विशेष म्हणजे तिला ना विजेची वायर जोडलेली होती, ना पाण्याची नळी. टाकीच्या अंधारात ती नुसती उभी होती.

"हे काय रे?" मी विचारले.

"ते कंपनीचं असतं, काका."

"पण कशासाठी?"

"कंपनीकडूनच येतं. नवीन कॉइल टाकली की त्याची गरज नसते. काढलं तरी चालतं."

"काढलं तरी चालतं" हे आपल्याकडील यंत्रविद्येतील एक महावाक्य आहे. त्याच्या आधारे आजवर किती स्प्रिंगा, जाळ्या, पट्ट्या आणि पाती हद्दपार झाली असतील याची गणती नाही. आणि ज्या वस्तूचे नाव ठाऊक नाही तिचे काम नाही, हा त्यामागील सिद्धान्त केवळ मिस्त्रीवर्गात नव्हे तर मोठमोठ्या कचेऱ्यांतही सर्रास लागू होताना आपण पाहतो. तथापि मुद्देमाल माझ्या ताब्यात होता. नवी कॉइल आणण्यास मिस्त्री गेला तो दुसऱ्या दिवसाचा वायदा करून गेला, तेव्हा मधल्या अवधीत या अनामिकाची रीतसर चौकशी करावी, असे मी ठरविले.

चौकशीचा सुगावा लागताच इमारतीतील जाणते लोक एकेक करून हजर झाले. सर्वांत आधी आले ते दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे तात्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वस्तूचे निरीक्षण केले आणि क्षणाचाही विलंब न लावता "अर्थिंग" असे जाहीर केले. अर्थिंगची हिरवी वायर तबकडीला बाहेरून निराळी जोडलेली आहे, हे मी निदर्शनास आणले, त्यावर ते म्हणाले, "ती बाहेरची. ही आतली." खात्यात अडतीस वर्षे काढलेल्या माणसाशी याहून अधिक वाद घालणे शिष्टसंमत नव्हते.

त्यांच्या मागोमाग आलेले गृहस्थ पाटबंधारे खात्यातले. त्यांच्या मते ही पाण्याची पातळी मोजण्याची काठी असून तारेवरचे पांढरे खडे म्हणजे निरनिराळ्या ऋतूंतील पातळ्यांच्या खुणा होत. मी नम्रपणे म्हटले की, गिझरच्या टाकीत पातळी नावाची गोष्टच संभवत नाही. खालून थंड पाणी शिरते तेव्हाच त्याच्या रेट्याने वरचे तापलेले पाणी बाहेर पडते, त्यामुळे टाकी सदैव काठोकाठ भरलेली. यावर ते किंचितही विचलित न होता उद्गारले, "म्हणूनच ही काठी कधी चुकत नाही."

मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून पेन्शनीत गेलेल्या नानांची दृष्टी अधिक व्यापक होती. वस्तू कशाची, हा प्रश्न त्यांना गौण वाटला. गिझर खरेदी केला तेव्हा ही वस्तू आत होती याचा काही लेखी पुरावा आहे काय, असे त्यांनी विचारले. आणि तो नाही असे कळताच त्यांनी समजावून सांगितले की, ज्याची नोंद नाही ते आपल्या जिंदगीत धरता येत नाही, परंतु जे आपल्या कब्जात सापडले ते परभारे टाकूनही देता येत नाही, सबब ते बेवारस म्हणून जमा करून घ्यावे आणि कोणी हक्क सांगत येतो काय याची वाजवी मुदत वाट पाहावी. एवढे सांगून त्यांनी चहा घेतला. आत्याबाईंनी ती विणकामाची सुई ओळखली व ती पूर्वीच्या भाडेकरणीची असावी असा तर्क केला. ती टाकीच्या आत कशी गेली, या शंकेचे निरसन त्यांनी त्या भाडेकरणीच्या स्वभावाचा दाखला देऊन केले. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या भाच्याने मोबाईलवरून मान वर न करता "सेन्सर असेल" म्हटले आणि पुन्हा मान खाली घातली.

या सर्व जबान्या मी मनात टिपून घेतल्या आणि त्यांतून एक गोष्ट मला निर्विवादपणे कळली. ती त्या वस्तूविषयी नव्हती. कोण कोणत्या खात्यात होता याविषयी होती. निवृत्तीने मनुष्याची खुर्ची सुटते, खाते सुटत नाही.

सौभाग्यवतींचे मत विचारण्याचे माझ्या मनात नव्हते, कारण त्या सकाळपासून गॅसवर पातेली चढवून आंघोळीचे पाणी तापवीत होत्या आणि त्यांची मनःस्थिती तात्त्विक चर्चेस अनुकूल दिसत नव्हती. परंतु वर्तमानपत्रावरील पसारा उचलण्यास त्या आल्या तेव्हा ती तार हातात घेऊन त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, बाकीच्यांवर थर चढलाय आणि हे एकटंच झिजलंय. एवढं झिजलंय म्हणजे काहीतरी काम केलं असणार." आणि तार जागच्या जागी ठेवून, वर्तमानपत्र तेवढे बदलून त्या निघून गेल्या. चौकशीच्या कागदपत्रांत खरोखर पुराव्याच्या कायद्यास उतरणारे वाक्य हे एवढेच होते, हे पुढे यथास्थित सिद्ध झाले.

घरगुती साक्षीपुरावा संपल्यावर तज्ज्ञाकडे जाणे क्रमप्राप्त होते. पुण्यात विजेच्या सुट्या भागांसंबंधी अंतिम अपिलाचे न्यायपीठ म्हणजे बुधवार पेठेतील तपकीर गल्ली. मुंबईकरांना लोहार चाळीविषयी जो आदर असतो तोच पुणेकरांना या गल्लीविषयी असतो, आणि तो अस्थानी नाही. कारण तेथील दुकानदार गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याच्या हातातील भागाकडे पाहतो, आणि भागाचे नाव व गिऱ्हाइकाचे अज्ञान या दोन्ही गोष्टी एकाच नजरेत ओळखतो. कागदात गुंडाळलेली आमची तार मी फळीवर ठेवली. तिच्यामागे चौकटीत छतापर्यंत नाना आकारांच्या कॉइली टांगलेल्या, उंदराच्या पिंजऱ्याएवढ्या खोक्यांत थर्मोस्टॅट, आणि त्या सर्वांच्या मधोमध कॅल्क्युलेटरवर बोटे चालविणारे मालक.

"मॅग्नेशियम रॉड," ते वर न पाहता म्हणाले. "स्क्रू किती एमएमचा?"

"ते पाहावं लागेल. पण याचं काम काय असतं?"

"संपायचं."

माझा चेहरा पाहून त्यांना थोडी दया आली असावी. "हा संपला की नवीन लावायचा. नाही लावला तर टाकी संपते. मग अख्खा गिझर घ्यायला तुम्ही आमच्याकडेच येता," असे स्पष्टीकरण देऊन त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाचा हिशेब सुरू केला. व्यापारी मनुष्य स्वतःच्या फायद्याविरुद्ध इतका सरळ जबाब देतो, हे मला तरी या गल्लीतच प्रथम आढळले.

नाव मिळाले, कामही मिळाले; राहिला तो कार्यकारणभाव. तो आमच्या साडूंच्या रूपाने रत्नागिरीहून योगायोगाने चालत आला. साडूंचा मिरकरवाड्याच्या बंदरात एका मासेमारी बोटीत हिस्सा आहे, आणि समुद्रासंबंधी ते जेवढे बोलतात त्याच्या निम्मेही जमिनीसंबंधी बोलत नाहीत. टेबलावरची तार पाहताच ते म्हणाले, "अरे, हे तर आमचं झिंक! पंख्यापाशी बोटीच्या बुडाला बसवतात ते. खारं पाणी पहिलं त्याला खातं, म्हणून पंखा नि शाफ्ट वाचतात. वर्षाला बोट ओढली की बदलायचं." त्यांच्या बोटीला जस्त आणि आमच्या गिझरला मॅग्नेशियम, एवढाच काय तो फरक, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात जस्त पुरेसे होते, घरच्या गोड्या पाण्यास त्याहून चपळ धातू लागतो.

या चपळाईचे गणित असे. दोन निराळे धातू एकमेकांस धातूनेच जोडलेले असून एकाच पाण्यात उभे असले म्हणजे त्यांच्यात एक सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होतो, आणि त्या प्रवाहाचा सारा खर्च जो धातू अधिक क्रियाशील असेल त्याच्या नावे पडतो. तो विरघळत जातो आणि दुसरा शाबूत राहतो. क्रियाशीलता व्होल्टांत मोजतात. तांब्याचा प्रमाण विभव अधिक ०.३४, लोखंडाचा उणे ०.४४ आणि मॅग्नेशियमचा उणे २.३७. आता गिझरच्या आतील वस्तुस्थिती पाहा. टाकी पोलादाची, तिला आतून काचेसारखा लेप दिलेला, परंतु सुईच्या अग्राएवढी छिद्रे त्या लेपात कोठे ना कोठे राहतातच, आणि त्या प्रत्येक छिद्रातून उघडे लोखंड कढत पाण्याशी समोरासमोर येते. त्यात पुन्हा शेजारी कॉइलचे तांबे! ते स्वतः कुलीन आहे, ते झिजत नाही, परंतु ज्याच्या शेजारी राहते त्याला झिजविते. लोखंड आणि तांबे एवढे दोघेच टाकीत असते तर लोखंडाचा निकाल लवकर लागला असता. मॅग्नेशियमचा रॉड मध्ये उभा राहतो तो याच साठी की, खर्च करावयाचाच आहे तर तो माझ्या खाती टाका; आणि मग टाकीच्या लेपात जेथे जेथे भगदाड असेल तेथील लोखंड सुरक्षित राहून रॉड मात्र रोज थोडा थोडा पाण्यात जातो, अखेर मधली आधाराची तार तेवढी उरेपर्यंत.

ज्या वाचकांस ही व्यवस्था विलायती वाटत असेल त्यांनी आपल्या मोरीतील जस्ती बादली आठवावी. तिच्या लोखंडी पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि बादलीला पोचा येऊन तो एखाद्या ठिकाणी खरवडला गेला तरी तेथील लोखंड लगेच गंजत नाही; भोवतालचे जस्त त्याच्यासाठी झिजत राहते. कल्हईचे तसे नाही. पितळी पातेल्यावरचे कथील हा नुसता पडदा. तो फाटला की ताक कळकलेच. आजीच्या स्वयंपाकघरात आणि मोरीत रक्षणाच्या या दोन पद्धती अगदी शेजारी शेजारी नांदत होत्या, आणि त्यांतील भेद तिला कोणी शिकविला नसला तरी कल्हईवाल्याला ती वेळेवर बोलावी आणि बादलीला मात्र त्याच्यापुढे नेत नसे.

साडूंच्या बोटीवरून मला सर हम्फ्री डेव्ही आठवले. इंग्लंडच्या नौदलाची लाकडी जहाजे खालून तांब्याच्या पत्र्याने मढवीत, आणि खाऱ्या पाण्याने तो पत्रा खाऊन जाई, ही तक्रार त्यांच्याकडे आली. आणि १८२४ साली त्यांनी रॉयल सोसायटीपुढे असा उपाय मांडला की, पत्र्याला जस्ताचे वा लोखंडाचे लहान तुकडे जोडावेत, म्हणजे ते झिजतील आणि तांबे राहील. ज्या जहाजांवर हा प्रयोग झाला त्यांतील 'समरंग' हे आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, कोचीनला बांधलेले. उपाय पुरेपूर लागू पडला, तांबे मुळीच झिजेना. आणि तेथेच अनर्थ झाला. कारण झिजणाऱ्या तांब्याचे जे विष पाण्यात उतरे त्यामुळेच शेवाळ आणि कालवे जहाजाच्या बुडाला चिकटत नसत. तांबे सुरक्षित होताच या मंडळींनी तेथे निर्धास्तपणे बिऱ्हाडे थाटली आणि जहाजांची चाल मंदावली. अखेर ते रक्षक तुकडे काढून टाकण्याचा हुकूम सुटला. एखाद्या शास्त्रज्ञाचा उपाय तंतोतंत यशस्वी झाल्यामुळे रद्द व्हावा, याचे याहून निर्मळ उदाहरण मला ठाऊक नाही. गंमत अशी की मॅग्नेशियम हा धातू प्रथम वेगळा करून दाखविला तोही याच डेव्हींनी, १८०८ साली. रोगी आणि औषध दोन्ही त्यांच्या ओळखीचे होते, फक्त त्यांची गाठ आमच्या न्हाणीघरात पडावयाची होती.

आमच्या चौकशीत हा मॅग्नेशियम आणखी एका ठिकाणी, भलत्याच वेशात सापडला. फुटलेल्या कॉइलमधून जी पांढरी भुकटी संपादकीयावर सांडली होती ती मॅग्नेशियम ऑक्साइड. तांब्याच्या नळीच्या पोटात नायक्रोमची, म्हणजे सुमारे ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम यांच्या मिश्रधातूची बारीक तार वेटोळे घालून बसलेली असते. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी या जातीच्या मिश्रधातूचे पेटंट १९०६ साली घेतले आणि तेव्हापासून टोस्टरपासून इस्त्रीपर्यंत सर्वांची उष्णता तिच्यावर चालते. ही तार लालबुंद होते, तरी विजेने नळीला शिवू नये आणि उष्णतेने मात्र अवश्य शिवावे, अशी दुहेरी कामगिरी बजावणारा पदार्थ मध्ये ठासावा लागतो, तो हा ऑक्साइड. तो पाण्याने भिजला की कामातून जातो; म्हणूनच नळी चिरताच आमच्या घराची वीज जाऊ लागली. एकाच तबकडीवर एक मॅग्नेशियम स्थितप्रज्ञ, वर्षानुवर्षे तसूभर न बदलणारा. आणि त्याच्यापासून चार बोटांवर दुसरा, रोज थोडा थोडा नाहीसा होणारा. सख्खे भाऊ, एकाला पेन्शनीची नोकरी आणि दुसरा कंत्राटी!

कंत्राटी भाऊ झिजून त्याचे जे होते त्याला मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड म्हणतात, आणि औषधाच्या दुकानात पोट साफ होण्यासाठी दुधासारखे जे औषध बाटलीतून मिळते त्याचा मुख्य घटक तोच. ही माहिती मी उत्साहाच्या भरात जेवणाच्या पानावर सांगितली, हा अविवेक झाला. आत्याबाई तेव्हापासून गिझरचे पाणी चूळ भरण्यासही घेत नाहीत, आणि पाटबंधारे खात्याच्या गृहस्थांनी, ज्यांना त्या विषयात स्वानुभवाची गोडी आहे, त्याचे प्रमाण किती पडते याची दोनदा चौकशी केली. प्रमाण नगण्य असते. क्वचित काही ठिकाणी, जेथील पाण्यात विशिष्ट जिवाणू असतात तेथे, या रॉडच्या संगतीने तापलेल्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास मात्र येतो, आणि मग लोक रॉडच उपटून टाकतात. डेव्हींच्या तुकड्यांवर जो हुकूम सुटला तोच हा, फक्त छोट्या न्यायालयाचा.

दूरध्वनी खात्याच्या तात्यांना सर्व हकिकत सांगितली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे टाकीच्या अंगाला ती धातूने जोडलेलीच हवी ना? मग मी काय वेगळं सांगत होतो?" आणि खरोखर, तो लहानसा स्क्रू सैल झाला तर रॉडची सेवा तत्क्षणी खंडित होते, इतपत त्यांचे म्हणणे ग्राह्य धरावे लागले. त्यांनी ते संपूर्ण ग्राह्य धरले.

माळ्यावरच्या ट्रंकेत गिझरसोबत आलेली माहितीपुस्तिका शोधून पाहिली. तीत पहिल्या दोन पानांवर ग्राहकाचे अभिनंदन होते. त्यापुढील आकृतीत बाण आणि आकडे होते, आणि सातव्या आकड्याच्या बाणाचे टोक याच रॉडवर येत होते. शेवटच्या पानावर, हमीच्या अपवादांच्या खाली, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, हा भाग दरवर्षी तपासून घ्यावा, न तपासल्यास टाकीची हमी बाद समजावी, असे कलम होते. ज्या गोष्टीवर टाकीचे आयुष्य अवलंबून ती शेवटच्या पानावर आणि अभिनंदन पहिल्या पानावर, ही मांडणी करणारा मनुष्य कारखान्यातला नसून नक्कीच जुन्या कोर्टकचेरीतला असला पाहिजे. मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला हे पान कोणी दाखविलेले नाही, आणि कॉइल गेली तर गिऱ्हाइक त्याच दिवशी ओरडते, रॉड संपला तर टाकी गळू लागेपर्यंत कोणीच ओरडत नाही.

तेव्हा ज्या वाचकांच्या घरी पोलादी टाकीचा गिझर आहे त्यांस विनंती अशी की, पुढच्या वेळी कॉइलसाठी म्हणून मिस्त्री वर चढेल तेव्हा मुख्य बटण बंद असल्याची खात्री करून त्याला या रॉडचीही चौकशी करण्यास सांगावे. मधली तार दिसू लागली असेल तर नवा रॉड आणावा, आणि जाताना जुना सोबत न्यावा, म्हणजे स्क्रूच्या मापावरून परत फेरी पडणार नाही. रबरी गॅस्केट जुनेच परत बसवू देऊ नये. बोअरचे किंवा टँकरचे पाणी असेल त्यांनी हे काम दरवर्षी थंडीपूर्वी उरकावे. नळाचे पाणी असणाऱ्यांनी, टाकीच्या हमीची मुदत संपली असल्यास, एखादे वर्ष सोडले तरी हरकत नाही. टाकी प्लॅस्टिकची किंवा तांब्याची असल्यास आत हा रॉड बहुधा नसतोच. तेथे तो शोधीत बसू नये.